कोठीला टेकून बसलेली मुलगी

माझ्या कामाचं नाव ऐकायला भारदस्त आहे: समन्वयक. नातेवाईक अजूनही विचारतात, म्हणजे नक्की करतेस काय गं तू? मी सांगते, लग्नं जुळवते. एका बाजूला एक लहान मूल असतं, त्याचं काहीतरी अडलेलं असतं. मान धरत नाही, चालत नाही, बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. दुसऱ्या बाजूला डॉक्टर, व्यायाम घेणाऱ्या ताई, बोलायला शिकवणाऱ्या ताई, मशीन, योजना आणि कागद. या दोन्ही बाजू एका दिवशी, एका वेळी, एका खोलीत आणायच्या. मध्ये एसटी असते, सोयाबीनची सोंगणी असते, बापाची मर्जी असते आणि आठवड्यातून एकदाच येणारा तज्ज्ञ असतो. मूल जितकं लहान तितका उपयोग जास्त, म्हणून सगळी घाई. वाशिममध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत एका संस्थेचं केंद्र आहे, तिथं मी हे बरीच वर्षं करते आहे.

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते. दिलेल्या तारखेला आई आली नाही की मी फोनवरच तिची बिनपाण्यानं करायचे. "लेकरू तुमचं आहे का माझं?" हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आमचा ड्रायव्हर माझ्या आधीच ते पुटपुटायचा. चिडण्यानं काम होतं असं मला वाटत असे, आणि बऱ्याचदा होतही असे. पण इथं जे सांगायचं आहे ते एका मुलीबद्दल आहे. तिचं दीड वर्ष माझ्यामुळे गेलं, आणि ते नेमकं बोलायला शिकण्याचं दीड वर्ष होतं. हे मी आजवर केंद्रात कुणाला सांगितलेलं नाही.

त्या काळी माझी एक पद्धत होती. मुलाला ऐकू येत नाही अशी शंका आली तर त्याला केंद्रात आणून मशीनवर तपासायचं, असा नियम. पण कानाच्या तपासणीच्या बाई आठवड्यातून एक दिवस यायच्या, आणि त्यांच्या दारात दोन-दोन महिन्यांची रांग. त्यात निम्मी मुलं नुसतीच उशिरा बोलणारी निघायची. मग मी वस्तीवर गेले की आधी घरातली थाळी मागायची. मुलाला खेळात गुंतवायचं, मागं जायचं, थाळीवर पळी मारायची. मूल दचकलं, वळलं, की काम झालं. नाही वळलं तरच तारीख द्यायची. हे मला एका जुन्या नर्सबाईंनी दाखवलं होतं आणि मला त्याचा अभिमानच होता. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी कामावर आलेल्या नव्या मुलींना शिकवताना म्हणायचे.

श्रावणातले दिवस होते. आदल्या दिवशी इंझोरीकडचं काम झालं होतं, त्या दिवशी सकाळी शेलूबाजार उरकून आम्ही दुपारनंतर मेडशीकडं निघालो. मेडशीच्या अलीकडं रस्त्यापासून आत एक वस्ती आहे, पंधरा-वीस घरांची. दिवाळी झाली की त्यातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. गाडी चिखलात जाईना म्हणून आम्ही चालत गेलो. माझी नवी चप्पल गेली आणि माझं डोकंही गेलं. अंगणवाडीच्या ताईंनी चार मुलांची नावं काढून ठेवली होती. पाचला परत निघायचं होतं.

चौथं घर त्या मुलीचं. दीड वर्षाची, अंगानं भरलेली, गालावर काजळाचा ठिपका. खोलीत पत्र्याची धान्याची कोठी होती, तिला पाठ टेकून ती बाटल्यांची झाकणं एकात एक घालत बसली होती. आई वीस-बावीस वर्षांची, दहावी झालेली. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, मांगून आवाज देल्ला तं हे पाह्यतच नाई. समोर आली तं हासते."

सासू चुलीपाशी होती. तिनं तिथूनच सांगितलं, "तिचं काई आयकू नका, बाई. हिचा बाप बी तीन वर्साचा होऊन बोलला. आता पाहा, त्याचं तोंड बंद होत नाई."

दारात जमलेल्या बाया हसल्या. मीही हसले. मग थाळी मागितली. जुनी, जड, काठाला पोचा पडलेली पितळेची थाळी होती. खोली एवढीशी. मुलीच्या मागं जायचं तर कोठीच्या कडेलाच उभं राहावं लागत होतं. मी एका हातानं थाळी धरली, काठ कोठीच्या पत्र्याला टेकला, आणि पळी मारली.

मुलगी लगेच वळली. मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि हसली.

"पाह्य!" सासू म्हणाली. "म्या काय म्हनलं होतं!"

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला झालं. एक नाव कमी, एक तारीख वाचली, पाचच्या आत गाडीशी पोचता येणार. बाया आपापल्या घरी वळल्या. फक्त आई जागची हलली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, अजून एकदा वाजवता का? तिकडून, दारातून?"

मी घड्याळाकडं पाहिलं. म्हणाले, "एकदा ऐकलं म्हणजे ऐकलं. कान काय एकदा चालू नि एकदा बंद असतो का?"

सगळे पुन्हा हसले. त्या हसण्यात तिचा नवराही होता, नुकताच शेतातून आलेला. चहा झाला. नोंदवहीत मी लिहिलं: आवाजाला प्रतिसाद आहे. सहा महिन्यांनी पाहणे. तो चहा फार गोड होता हे मला उगाच लक्षात राहिलं आहे.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. नंबर अंगणवाडीच्या ताईंकडून घेतला असणार. म्हणाली, "मॅडम, मी रोज वाजवून पाह्यतो. कोठीपाशी बसली असली तं पाह्यते. बाहीर वट्ट्यावर बसवली तं नाई पाह्यत."

आज हे वाक्य लिहिताना हात थांबतो. दहावी शिकलेल्या बाईनं, कुठलंही प्रशिक्षण नसताना, निदान माझ्या हातात आणून ठेवलं होतं. श्रावणात कोठीतलं धान्य संपत आलेलं असतं. रिकामा पत्रा. थाळीचा ठोका पत्र्यात उतरला होता, आणि पत्र्यातून त्या मुलीच्या पाठीत. तिनं आवाज ऐकलाच नव्हता. तिला तो लागला होता. हे तिची आई मला जवळजवळ शब्दांत सांगत होती आणि मी त्या वेळी दुसऱ्या कानाला दुसरा फोन लावून एका डॉक्टरांची वेळ मागत होते.

मी म्हणाले, "तुम्ही दिवसभर थाळ्या बडवत बसलात तर ती वळायचीच बंद होईल. मुलं कंटाळतात. मी पाहिलं ना डोळ्यांनी? संशय काढत बसू नका, तिच्याशी बोलत राहा."

"बोलतो तं खूप मी," ती म्हणाली. मग "बरं, मॅडम," म्हणून फोन ठेवला.

सहा महिन्यांनी मी वहीप्रमाणे चौकशी केली तेव्हा घराला कुलूप होतं. सगळे तोडीवर गेलेले. मी वहीत 'स्थलांतरित' लिहिलं आणि पुढच्या नावाकडं वळले. पावसाळ्यात ते परत आले असतील, तेव्हा माझ्या यादीत नवी नावं होती. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा कुलूप. अंगणवाडीच्या ताईंनी मला पुढं कधीतरी सांगितलं की त्या घरात या थाळीवरून भांडणं व्हायची. मॅडमनं सांगितलं ऐकते, तरी हिचं आपलं रोज थाळी बडवणं चालूच, असं सासू म्हणायची. नवऱ्यानं एकदा थाळीच लपवून ठेवली. लेकीत खोट काढणारी आई, अशी तिची वस्तीत चर्चा झाली. त्या सगळ्यांच्या हातात माझा शब्द होता.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात ती आई एकटीच मुलीला घेऊन केंद्रात आली. तारीख नव्हती, फोन नव्हता. मी ओळखलं नाही. दोन शेंड्या घातलेली मुलगी, तीच भरलेली अंगलट. आईच मात्र वाळली होती, हाताला उसाच्या पात्यांचे व्रण. तिनं कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यातून पळी आणि थाळी काढली.

"तुमी वाजवली होती थेच हाये," ती म्हणाली.

आमच्याकडं फायलींचं लोखंडी कपाट आहे. तिनं मुलीला त्या कपाटाला पाठ लावून बसवलं, हातात पेन्सिल आणि कागद दिला. थाळीचा काठ कपाटाला टेकवून ठोका मारला. मुलगी वळली. मग तिनं मुलीला उचलून खोलीच्या मधोमध चटईवर बसवलं, तिच्या मागं दोन पावलांवर उभी राहिली, थाळी हवेत धरली आणि जोरात मारली. पलीकडच्या खोलीतून व्यायाम घेणाऱ्या ताई धावत आल्या. एक तान्हं मूल रडायला लागलं. चटईवरची मुलगी कागदावर गोल काढत होती. आईनं पुन्हा मारली, पुन्हा मारली. मुलीनं दुसरा गोल काढला.

"कोठी होती, मॅडम," ती म्हणाली. एवढंच. तिनं आवाजही चढवला नाही. मला वाटत होतं तिनं ओरडावं. मी तिच्या जागी असते तर ती थाळी समोरच्या बाईच्या डोक्यात घातली असती. लाज वाटली हे खरं, पण त्याच्याआधी भीती वाटली, हेही खरं. ती वही कुठं आहे, त्यात काय लिहिलंय, कुणी पाहिली तर काय, हे आधी डोक्यात आलं. मुलीचा विचार त्यानंतर आला.

जाताना तिनं थाळी नेली नाही. "घरी नको आता," म्हणाली. मी ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली.

त्यानंतर मी कुणाची रांग पाहिली नाही. पुढच्याच आठवड्याची वेळ घेतली. या तपासणीत मुलाच्या डोक्याला तारा लावतात आणि कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काही पोचतं का ते पाहतात. मूल हललं की सगळं वाया, म्हणून ते गाढ झोपलेलं लागतं. त्यासाठी आम्ही आयांना सांगतो, मुलाला पहाटेच उठवा आणि इथं येईपर्यंत झोपू देऊ नका. हे सांगायला सोपं आहे. वाशिममधल्या आयांना जमतं. मेडशीहून एसटीनं येणाऱ्या बाईला ते कसं जमायचं, याचा विचार मीही कधी केला नव्हता. गाडी हलायला लागली की कुठलंही लेकरू पेंगतं.

ती आली तेव्हा मुलीचे डोळे लाल होते आणि आईचेही. तिनं सांगितलं, वाटेतल्या मालेगावपर्यंत ठीक होतं, पुढं मुलगी झोपायला लागली. तिनं तिला सीटवर उभं केलं, तोंडावर पाणी मारलं, शेवटी चिमटे घेतले. मुलगी रडू लागली. गाडीतल्या बाया तिच्या अंगावर आल्या, "काहून मारून राह्यली वो लेकराले? माय हायेस का कोन?" कुणाकुणाला समजावून सांगणार? दंडावरचे चिमट्यांचे वळ मला दिसत होते. ते वळही माझ्याच हिशेबात धरायला हवेत, असं वाटलं.

अंधाऱ्या खोलीत मुलगी आईच्या मांडीवर दोन मिनिटांत झोपली. तपासणीच्या बाई तरुण होत्या, कामात हुशार. स्क्रीनवरच्या रेघा मला वाचता येत नाहीत, पण जिथं उंचवटा यायला हवा तिथं येत नाही हे इतक्या वर्षांत कळायला लागलं आहे. आवाज वाढवत नेला. डावा कान, मग उजवा. रेघ आडवीच राहिली. बाई माझ्याकडं न बघता हळू म्हणाल्या, "दोन्ही. अगदीच काही नाही. ही दीड वर्षाची असताना आली असती ना, तर आत्ता बोलत असती." मी "हं" म्हटलं. आई मुलीच्या केसांत लागलेलं चिकट मलम पुसत बसली होती. तिला ते ऐकू गेलं की नाही, मला अजून माहीत नाही.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढं गेलो. महिन्यातून एकदा यायचे, त्या दिवशी आले होते. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभरात तेच तेच पाहून वैतागलेला. रिपोर्ट पाहून त्यांनी आईला विचारलं, "तीन वर्षं काय करत होता तुम्ही? मुलगी ऐकत नाही हे आईला कळत नाही?"

मी शेजारी उभी होते. माझ्या काखेत तिची फाइल होती. आता ती बोलणार, असं मला वाटलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मग डॉक्टरांना म्हणाली, "समजलं नाई, सर."

ती असं का म्हणाली याचा मी फार विचार केला आहे. दया आली म्हणून म्हणाली असं समजायला मला बरं वाटलं असतं. पण तसं नसावं. पुढं ऑपरेशन होणार होतं. कानाच्या आत यंत्र बसवायचं, त्याची योजना, त्याची समिती, त्याचे वीस कागद, मोठ्या शहरातल्या तारखा, आणि या सगळ्याच्या दारात मी बसलेली. मला दुखवून तिचं कसं चालणार होतं? मी हे ओळखलं, आणि ओळखूनही डॉक्टरांना खरं सांगितलं नाही.

कागद जमवता जमवता दसरा आला. समितीकडं जाणाऱ्या अर्जात एक रकाना असतो: निदानास विलंब होण्याचे कारण. तिथं लिहायचं वाक्य आमच्याकडं ठरलेलं होतं. पालकांचे दुर्लक्ष व जागृतीचा अभाव. प्रत्येक अर्जात तेच. ते वाक्य मी याही अर्जात लिहिलं. सवयीनं लिहिलं असं म्हणता आलं असतं, पण तसं नाही. त्या रकान्याशी मी थांबले होते, पेन उचललं होतं, बाहेर जाऊन आले होते, आणि मग लिहिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

डॉक्टरांच्या सह्या झाल्यावर ती पालकाच्या सहीसाठी आली. बहुतेक आया फुली केलेल्या जागी सही करतात आणि उठतात. तिनं अर्ज पहिल्यापासून वाचायला घेतला. बोट ओळींवरून सरकत होतं. ते बोट त्या रकान्यावर थांबलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहायला लागले.

"हे माह्याबद्दल हाये का?" तिनं विचारलं.

मी पेन घेतलं. म्हणाले, "द्या, मी खोडते. मी खरं लिहिते. माझ्या चुकीमुळे उशीर झाला, मीच घरी येऊन चुकीचं सांगितलं." इतक्या महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं, आणि ते निघालं म्हणून मला हलकं वाटायला लागलं होतं.

तिनं अर्जावर हात ठेवला. "खोडू नका. खाडाखोड असली का फाइल वापस येते, तुमीच सांगतलं होतं."

"मग नवा अर्ज करू."

"मंग डॉक्टरची सही? ते अजून महिन्यानं येईन. तवरिक आमी तोडीवर जातो." तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "राहू द्या, मॅडम. केलं मी दुर्लक्ष."

आणि सही केली. शाळेतल्या अक्षरात, पूर्ण नाव, सावकाश. अर्ज त्याच दिवशी गेला. सरकारदरबारी आजही असंच लिहिलेलं आहे की त्या मुलीच्या आईनं तिच्याकडं दुर्लक्ष केलं. तो कागद माझ्या अक्षरात आहे.

त्या आठवड्यात मी कपाटातल्या जुन्या फायली काढून बसले. रकाना तोच, वाक्य तेच, अक्षर माझंच. त्यातल्या किती आयांनी खरंच दुर्लक्ष केलं होतं आणि किती जणींनी मला फोन केला होता, हे आता कळायला मार्ग नाही. थाळीची पद्धत मी बंद केली. नव्या मुलींना कारण सांगितलं, पण 'एका ठिकाणी असं झालं' असं सांगितलं. कुणाकडून झालं ते सांगितलं नाही.

त्या फाइलच्या मागं मी हात धुऊन लागले. इतकं की वरच्या कार्यालयातली माणसं माझा फोन दिसला की उचलेनात. त्या वर्षी नवरा एकटा तोडीला गेला, ती मुलीसाठी मागं राहिली. मुलगी चार वर्षांची व्हायला आली तेव्हा ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर कानामागचं यंत्र लावलं आणि आमच्या केंद्रात बोलायला शिकवण्याचे वर्ग सुरू झाले, आठवड्यातून दोनदा. ती एकदाही चुकली नाही. एसटीच्या संपाच्या दिवशीही जीपमध्ये लोंबकळत आली.

लोकांना वाटतं यंत्र लावलं की मूल बोलायला लागतं. तसं नसतं. आमच्या बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी तिला समजावून सांगितलं ते मीही ऐकत होते. आवाज आता आत पोचतो, पण तो कशाचा आवाज आहे हे मुलीला कळत नाही. भांड्याचा, आईचा, कुत्र्याचा, सगळं सारखंच. दुसरी लेकरं जे घरात लोळता लोळता शिकतात ते हिला एक-एक करून शिकवावं लागेल. किती येईल ते आज सांगता येणार नाही. सगळं येणार नाही, हे त्यांनी शेवटी सांगितलं. आईनं विचारलं, "दीड वर्साची असती तं?" ताई मोकळ्या मनाच्या, काहीच माहीत नसलेल्या. म्हणाल्या, "अहो, मग प्रश्नच नव्हता."

गेल्या महिन्यातली गोष्ट. मुलगी आता पाचला टेकली आहे. शब्द म्हणावेत असे तीन-चार, तेही आईलाच कळणारे. वर्ग संपल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, माही थाळी हाये का?"

खालच्या कप्प्यातून मी ती काढून दिली. तिनं घेतली नाही. मुलीला उचलून कडेवर घेतलं, खोलीच्या अगदी मध्ये जाऊन उभी राहिली, भिंतीपासून, टेबलापासून, कपाटापासून लांब. मुलीचे पाय कशाला टेकत नाहीत ना, हे तिनं खाली वाकून पाहिलं. मग मला म्हणाली, "आता तुमी वाजवा. तिकडून, दारातून."

मी दारात गेले. थाळी हवेत धरली. पळी नव्हती, टेबलावरची लोखंडी पट्टी घेतली. मग मारली.

मुलीची मान वळली. दाराकडं, माझ्याकडं. हसली नाही, नुसती पाहत राहिली.

"ऐकलं," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ऐकलं तिनं."

"तुमी नका सांगू, मॅडम," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच, भाजी नको म्हणावं तसं. तिनं मुलीचं तोंड हातानं पुन्हा खिडकीकडं वळवलं आणि तिच्या मानेवर आपली बोटं ठेवली. "मी पाह्यतो. अजून एकदा वाजवा."

मी वाजवली. ती म्हणाली, अजून एकदा. मी वाजवली. पाचला त्यांची गाडी होती, पण तिनं घड्याळाकडं पाहिलं नाही, आणि मीही नाही. ती सांगेल तेवढ्या वेळा वाजवत राहिले.